‘अचानक’ नव्हे हो!

भारताच्या महिला आइस हॉकी (बर्फावरची हॉकी) संघावरच्या तुमच्या लेखात २०२५ च्या अल ऐनमधल्या (संयुक्त अरब अमिराती) महिला आशिया चषकातल्या भारताच्या कांस्यपदकाला ‘अचानक मिळालेलं यश’ म्हटलंय, ते काही पटलं नाही. २०१६ मध्ये याच संघाच्या मुली लोकवर्गणी काढून तैपेईला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला गेल्या होत्या. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ असं हरवून पहिला विजय मिळवला. संघातल्या बहुतेक जणी लडाखच्या. तिथं वर्षानुवर्षं सराव गोठलेल्या तळ्यांवर, म्हणजे हिवाळ्याचे जेमतेम दोन महिने. बर्फ वितळला की स्केट्स गुंडाळून ठेवायचे! (आणि आपण क्रिकेटच्या खेळपट्टीवरून वाद घालतो.) बाकी लेख छान. फक्त कर्णधार त्सेवांग चुस्कितचं नाव तेवढं राहिलं बघा.