वडा कार्यालयाच्या पायरीवरून

भाऊबीजेला पुण्याहून मामेभावाचा फोन आला आणि शुभेच्छा संपायच्या आतच त्याने नेपाळचा विषय काढला. सप्टेंबर 2025 मध्ये काठमांडूतले सिंहदरबार, म्हणजे केंद्र सरकारचे मुख्यालय, जळताना त्याने टीव्हीवर पाहिले होते. "निम्म्या महाराष्ट्राएवढाही नाही तो देश, आणि 2008 पासून एकाही पंतप्रधानाला मुदत पुरी करता आलेली नाही. तू तिथे करतोस तरी काय?" असे त्याने विचारले. त्याची माहिती चूक नव्हती. राग आला तो त्याच्या स्वराचा. घरमालकाने भाडेकरूबद्दल बोलावे तसा तो स्वर होता, आणि इथे आल्यावर पहिली दोन वर्षे मीही त्याच स्वरात बोलत होतो.

मी त्याला एवढेच विचारले, की तुमचा नगरसेवक सध्या कोण आहे? पुणे महानगरपालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले होते आणि शहर प्रशासकाच्या हाती होते. इथे काठमांडूशेजारच्या ललितपुरात मात्र माझ्या गल्लीच्या तोंडाशी वडा कार्यालय, म्हणजे प्रभाग कार्यालय, आहे. (हा शब्द ऐकून मामेभावाला अजूनही हसू येते.) तिथे निवडून आलेला वडाध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत दोन जागा महिलांच्या, आणि त्यांतली एक दलित महिलेची. नागरिकत्वापासून घराच्या नकाशापर्यंत प्रत्येक कामाची सुरुवात इथल्या सिफारिसीने होते.

हे सारे 2015 च्या संविधानातून आले. त्यानुसार देशात सात प्रदेश आणि 753 पालिका व गाउँपालिका झाल्या. पुण्यात बसून हा पसारा हास्यास्पद वाटतो. नकाशावर बोट ठेवले की वाटत नाही. तराईत समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटरवर असलेली जमीन उत्तरेला दोनशे किलोमीटरही न जाता सगरमाथ्याला, म्हणजे एव्हरेस्टला, भिडते. कर्णाली प्रदेश सुमारे अठ्ठावीस हजार चौरस किलोमीटरचा आहे, पण माणसे सतरा लाखांच्या आत. तिथल्या माणसाला एका शिक्क्यासाठी दोन-दोन दिवस डोंगर उतरून सदरमुकामाला जावे लागत असेल, तर सरकारनेच डोंगर चढावा, हा हिशेब आहे. 'गाउँगाउँमा सिंहदरबार' अशी त्याची घोषणा होती. सिंहदरबारातली खाबूगिरीही गावागावांत पोहोचली, असे इथले लोक शनिवारच्या चहावर म्हणतात. मी ते ऐकतो, पण पुण्याला कळवत नाही.

मला सर्वांत आवडते ती न्यायिक समिती. पालिकेचा उपप्रमुख, आणि बहुतेक ठिकाणी ती बाई असते, कुलो (पाण्याचा पाट), बांध, भिंत यांवरची भांडणे ऐकते आणि शक्यतो मिटवते. मामेभावाला हे मी फार रंगवून सांगितले. उपप्रमुख बाई आणि प्रमुख मात्र बहुधा पुरुषच, हे सांगायचे टाळले. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत महिलांना निम्म्या जागा राखीव आहेत, हेही मला त्या वेळी आठवले नाही.

जानेवारी 2026 मध्ये पुण्यात अखेर मतदान झाले. मामेभावाने शाईच्या बोटाचे छायाचित्र पाठवले आणि खाली लिहिले, "तुमच्याकडे 1997 नंतर देशभरची स्थानिक निवडणूक थेट 2017 मध्ये झाली. 2002 मध्ये जुन्यांची मुदत संपल्यावर जवळजवळ पंधरा वर्षे निवडलेले कोणीच नव्हते. हे तू मला का सांगितले नाहीस?" माओवादी युद्ध, संविधानसभा, अशी उत्तरे माझ्याकडे होती. पण प्रश्न कारणांचा नव्हता, लपवण्याचा होता, आणि तो बरोबर होता. शिवाय पुण्याच्या यादीत माझे नाव असूनही मी गेलो नव्हतो. तिकीट महाग असल्याचे मीच स्वतःला पटवले होते.

जिथे येण्यासाठी व्हिसाही लागत नाही, त्या देशात मी परदेशी आहे. इथे मला मत नाही आणि तिथे मी ते दिले नाही.

गेल्या आठवड्यात एका सिफारिसीसाठी वडा कार्यालयात गेलो. अर्जात 'स्थायी ठेगाना', म्हणजे कायमचा पत्ता, असा रकाना होता. मी सदाशिव पेठ लिहिले. आमचा वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली आहे, हे लिहायला जागा नव्हती. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पाहून सवयीने विचारले, "वडा नम्बर?" पुण्याचे प्रभाग पुन्हा आखले गेले होते आणि आमचा आता कितवा, हे मला ठाऊक नव्हते. मागे रांग होती. मी बाजूला झालो आणि मामेभावाला फोन लावला.