गोष्टीत मुलगी घालताना

मुलांसाठी लिहायचं ठरवलंत? उत्तम. मे महिना, आजोळ आणि कोकण एवढं सामान घ्या, चार पोरगे घ्या, जवळपास एखादा जलदुर्ग बघून ठेवा. पूर्वी यात भागायचं. आता पुरस्काराचे परीक्षक "मुलगी कुठेय?" असं विचारतात, म्हणून एक मुलगी घालावी लागते. घाबरू नका. मी आजवर सात घातल्या, एकीनेही कथानकाला धक्का लावला नाही.

आधी तिला चष्मा लावा. चष्मा लागला की मुलगी हुशार होते, वेगळं काही लिहावं लागत नाही. भुयारात पोरं उतरतील. ती वर उभी राहून किल्ल्याचं बांधकाम कुठल्या साली सुरू झालं ते सांगेल. चष्मा जुना वाटत असेल तर तिला कराटे येतं असं पहिल्याच पानावर सांगून टाका. पुढे ते वापरलंच पाहिजे असं काही नाही.

आई शिकलेली दाखवायला हरकत नाही. एम.एस्सी. करा, पीएच.डी. करा, फक्त चित्रात ती घावन उलटताना दिसू द्या. चित्रकाराला हे सांगावं लागत नाही, त्याच्या हाताला तसं वळणच आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा मिळून भाजी निवडताना दिसले, तर त्याची बातमी झाली. तुम्हाला बातमी हवी आहे की पुस्तक खपायला हवंय? आणि पात्रांना हर्णैला नेलंत तर सूर्यास्त दाखवा. तिथे वाळूवर मासळीचा लिलाव चालतो आणि तोंडी हिशेब करून बायका भाव पाडतात, तिकडे कॅमेरा वळवू नका. हिशेब करणारी बाई एकदा दिसली की पोरी तिच्याकडेच बघत बसतात.

चालण्याच्या बाबतीत मात्र फार जपा. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे लहानपणी परीक्षेसाठी कुंभार्ली घाट ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. किती सुंदर प्रसंग! जिद्द आहे, घाट आहे, अन्याय आहे. पण चालणारा मुलगा असेल तरच हं. मुलगी चालू लागली की धडा राहत नाही, तक्रार होते. कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीनच्या आत असायला हवी. वाडीवरची शाळा पटाअभावी मिटली, पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, साकव नाही, साधा छोटा पूलही नाही, असलं काहीबाही लिहावं लागतं. त्यापेक्षा तिला मामाच्या गाडीतून उतरवा. त्याच कर्व्यांनी पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, तेही मध्येच आणू नका. लहान मुलांना दोन गोष्टी एकदम झेपत नाहीत.

अगदीच मुलीच्या शिक्षणावर लिहायची हौस असेल तर गोष्ट दहावीच्या निकालापाशी संपवा. कोकण मंडळ २०१२ साली वेगळं झालं तेव्हापासून निकालात पहिलं. २०२४ साली ९९.०१ टक्के. पेढा भरवा, आजीच्या डोळ्यांत पाणी आणा आणि तिथेच पूर्णविराम द्या. पेढ्यानंतर अकरावी येते. तिला तालुक्याला जायची एसटी लागते. पास फुकट असतो, गाडी यायची असते. मग वसतिगृह, मग "एकटी राहणार कशी", मग मुंबईच्या आत्याने सुचवलेलं स्थळ. एवढं सगळं लिहिलं तर कादंबरी मोठ्यांची होते, आणि मोठे वाचतात कुठे?

शेवटची सूचना अनुभवाची आहे. प्रकाशनानंतर शाळेत वाचनाला बोलावतात. जा, पण प्रश्नोत्तरं टाळा. मी टाळली नाहीत. अलिबागजवळच्या एका शाळेत माझी गाजलेली गोष्ट वाचत होतो. पौर्णिमेची रात्र, बाराचे ठोके, आणि माझी चार पोरं समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याकडे वाळूतून चालत निघाली आहेत. तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. चष्मा नव्हता, म्हणून मी बेसावध होतो.

"सर, चालत कशी गेली?"

"ओहोटीला चालत जाता येतं, बाळ," मी प्रेमाने म्हणालो.

"पण पौर्णिमा ना? भरतीची वेळ काढायला तिथीला पाऊणने गुणायचं. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे बाराला भरती असणार. उधाणाची. आई कालवं काढायला जाते ना सर, ती असंच बघते." मग तिने क्षणभर विचार केला. "सगळी बुडली असणार."

वर्ग हसला. मास्तरांनी तिला खाली बसायला सांगितलं. मीही "छान, छान" म्हणून पुस्तक मिटलं. गोष्टीतली चष्मेवाली मुलगी किनाऱ्यावर थांबली होती म्हणून तेवढी वाचली असती, हे मला परतीच्या बोटीत सुचलं.

दुसरी आवृत्ती परवाच आली. मध्यरात्रीची पहाट केली आहे, पोरं साडेपाचला कोरड्या पायांनी किल्ल्यात पोचतात. मी कृतघ्न माणूस नाही. प्रस्तावनेत आभारही मानले आहेत, "चूक लक्षात आणून देणाऱ्या एका चाणाक्ष विद्यार्थ्याचे".