“दोन मिनिटांच्या कामाचे सहाशे” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा. आधी सॉरी, तुम्हाला त्रास झाला आणि काउंटरवरचा पोरगा तुटक बोलला त्याबद्दल. लग्नसराईत त्याचं डोकं ठिकाणावर नसतं, पण गिऱ्हाईकाशी तसं बोलायचं नाही, त्याला समज दिलीय.

पण तुमच्या बाबांच्या व्हिडिओत गाण्यांऐवजी मूळ आवाज वाजावा म्हणून आमच्याकडे दिलेल्या कामाला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की “नुसते आवाजाचे ट्रॅक खालीवर करायचे सहाशे लावले, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांत होतं, आणि एवढं करून टीव्हीवर गाणीच वाजतात”, ते मनाला लागलं हो. दोन मिनिटांचंच काम आहे ते, मी कुठे नाही म्हणतोय. एमकेव्हीटूलनिक्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, फाईल आत टाकायची, मूळ आवाजाचा ट्रॅक ओढून गाण्यांच्या वर न्यायचा, डिफॉल्टला (म्हणजे आपोआप आधी वाजणारा ट्रॅक) यस करायचं आणि स्टार्ट, चित्राला हातसुद्धा लागत नाही, नुसती कॉपी होते. त्याचे मी पैसे घेतलेलेच नाहीत. पावती काढून बघा, त्या ओळीपुढे शून्य लिहिलंय.

सहाशे कशाचे ते ऐका. बाबांच्या एकसष्टीचा सव्वा तासाचा व्हिडिओ. ज्यांनी शूटिंग केलं (आम्ही नव्हे, हे पण लिहायचं होतंत ना) त्यांनी वरच्या ट्रॅकवर गाणी लावली आणि खालच्या ट्रॅकवर साऊंडवाल्याच्या मिक्सरवरून घेतलेला आवाज तसाच चिकटवून दिला. सुरुवातीला निवेदिका “हॅलो, चेक” म्हणते तिथे मी जुळवला, एकदम फिट्ट. औक्षणापर्यंत पण ठीक. शेवटी बाबा बोलायला उभे राहिले तर ओठ आधी हलतायत आणि आवाज मागून येतोय, ८ फ्रेमचा फरक, सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांची आतली घड्याळं किंचित वेगळी चालतात आणि तो फरक साठत जातो, ट्रॅक नुसता मागेपुढे सरकवून भागत नाही कारण शेवट जुळवला की सुरुवात बिघडते. मग आख्खा ट्रॅक केसभर आवळायचा आणि परत पहिल्यापासून ओठ बघत बसायचं. बाबा बोलण्याआधी माईकवर दोनदा टिचकी मारतात, ती टिचकी बरोबर बोटावर आली तेव्हाच मी खुर्चीतून उठलो. शिवाय तो आवाज पीसीएम होता, म्हणजे न दाबलेला, तासाला ७०० एमबीच्या आसपास जागा खातो आणि काही टीव्हींवर वाजतच नाही, म्हणून एएसी, म्हणजे दाबलेला, करून दिला, आता तासाला १०० एमबी पण होत नाही. हे सगळं धरून सहाशे, आणि ते फोनवर आधी सांगितले होते, तुम्ही “बघा काय ते करा” म्हणालात.

आता टीव्हीवर गाणी का वाजतात. तुम्ही रिव्ह्यूसोबत टीव्हीचा फोटो टाकलाय, त्यात खाली फाईलचं नाव दिसतंय, जरा मोठं करून बघा, ती तुमची जुनी फाईल आहे. नवीन फाईल त्याच पेन ड्राइव्हमध्ये “मूळ आवाज” नावाच्या फोल्डरमध्ये आहे. जुनी उडवायची माझी हिंमत झाली नाही, बाबांचा व्हिडिओ, उद्या काही कमीजास्त झालं तर? होतं असं, कुणाचंही होतं, पण एक फोन केला असतात तरी चाललं असतं हो, डायरेक्ट एक स्टार! आजकाल कापाकापी सगळे मोबाईलवर स्वतःच करतात, कॅसेटची कामं पण आटली, जो नवीन माणूस येतो तो आधी स्टार बघूनच पायरी चढतो.

रेटचा बोर्ड लावायचं डोक्यात आहे, पावतीवर पण जरा सविस्तर लिहीत जाऊ, बघतो कसं जमतंय ते.

नवीन फाईल लावून पण गाणीच आली तर रिमोटवर ऑडिओचं बटण किंवा सेटिंगमध्ये ऑडिओ ट्रॅक शोधा, कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं नुसतं B दाबलं की ट्रॅक बदलतो. तरी नाहीच जमलं तर पेन ड्राइव्ह आणि टीव्हीचा मॉडेल नंबर घेऊन या, गाण्यांचा ट्रॅक काढूनच टाकतो, त्याचे पैसे नाहीत. फक्त दीड ते चार येऊ नका, दुकान बंद असतं, नाहीतर त्याचा पण एक स्टार मिळायचा.