कानाचं मशीन कपाटात टाकण्याआधी

‘जिंको, झिंक आणि बी-१२ ची कॅप्सूल तीन महिने घ्या. कानातल्या मेलेल्या पेशी जिवंत होतात, शिट्टी थांबते, मशीन कपाटात जातं. शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य.’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला. (जिंको म्हणजे एका झाडाच्या पानांचा अर्क.) तिसऱ्यांदा काकांनी विचारलं, ‘मागवू का?’

मेलेल्या पेशी जिवंत होतात? कोंबडीच्या कानात नव्या उगवतात, हे १९८० च्या दशकात संशोधकांना दिसलं. माणसाचं तसं नाही. आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात, कॉक्लियात, दर कानामागे जेमतेम १५ हजार केशपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, घेऊन आपण जन्मतो. वयाने, ढोल-डीजेने किंवा काही औषधांनी त्यातल्या गेल्या, की गेल्या. त्या परत आणणारी कुठलीही गोळी आज बाजारात नाही.

कानात सतत वाजणाऱ्या शिट्टीचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये अकराशेहून जास्त लोकांवर जिंकोची चाचणी झाली. निम्म्यांना जिंको, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ, म्हणजे औषध नसलेली गोळी, १२ आठवडे. २००१ मध्ये निकाल छापून आला: दोन्ही गटांत फरक नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१४ मध्ये शिट्टीसाठी जिंको, झिंक वगैरे सुचवू नका, असं डॉक्टरांना सांगितलं.

पूरक गोळ्यांच्या बाजूने एक बरा पुरावा आहे, तो मेसेजवाल्यांना सापडलेला दिसत नाही. नेदरलँड्समध्ये ७२८ प्रौढांना तीन वर्षं फॉलिक अॅसिड किंवा पोकळ गोळी दिली. फॉलिक अॅसिडवाल्यांचं खालच्या पट्टीतलं ऐकणं थोडं कमी घसरलं. किती कमी? ०.७ डेसिबल. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, आवाज ५-५ डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतात, यावरून काय ते समजा. वरच्या पट्टीत, जिथे म्हातारपणी ऐकणं आधी जातं, तिथे काहीच फायदा नाही.

बी-१२ ची कमतरता आपल्याकडच्या शाकाहारी घरांत खूप आढळते. रक्त तपासून ती जरूर भरून काढा, पण नसांसाठी आणि रक्तासाठी. मशीन सुटेल म्हणून नव्हे.

‘साइड इफेक्ट शून्य’ हे तर सरळ खोटं. काका रक्त पातळ करायची गोळी घेतात. तिच्या जोडीला जिंको म्हणजे रक्तस्रावाचा धोका. झिंक जास्त प्रमाणात बरेच दिवस घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं. आणि नियमानुसार अशा डबीवर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ छापावं लागतं. मेसेजमधल्या फोटोत डबीची ती बाजू नाही.

मला सगळ्यात खटकतात ते ‘तीन महिने’. कधी कानात नुसता मळ साचलेला असतो, डॉक्टर तो बसल्या बसल्या काढतात. पण एका कानाने अचानक, रातोरात ऐकू येईनासं झालं, तर स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त असते. तोवर महिन्याची डबी निम्मीसुद्धा संपलेली नसते.