मागणीचं काय?

अणु आणि सौरऊर्जा आली की आर्थिक वाढीला मर्यादा उरत नाही, हे लेखातलं विधान पटलं नाही. विजेची मागणी वर्षाला ७ टक्क्यांनी वाढली तर दहा वर्षांत दुप्पट, वीस वर्षांत चौपट होते. कोकणातल्या जैतापूर अणुप्रकल्पाचे नियोजित सुमारे १०,००० मेगावॉट कितीसे पुरणार? आणि ही वाढ मोजतात कशी, तेही बघा. जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पोफळ पुन्हा लावली तरी उत्पन्न सुरू व्हायला कितीतरी वर्षं जातात, आणि जीडीपीत मात्र नवे पत्रे, नवे विजेचे खांब हे सगळं वाढ म्हणूनच धरलं जातं! कोळसा बंद व्हायलाच हवा. पण शहरातल्या काचेच्या इमारतींचे एसी किती वीज खातात ते आधी मोजा, कमी करा, मग वीजप्रकल्पांसाठी आमचे कोकणातले सडे (कातळाची पठारं) मागायला या.