‘फेका ना नाल्यात’ म्हणणाऱ्यांनो

‘फेका ना ताई मांगच्या नाल्यात, कोन पाहून रायलं?’

यापुढे हे वाक्य मला कोणी ऐकवलं, तर मी त्याला तिथल्या तिथे सुनावणार आहे. परवा आमच्या गाडीतल्या संडासाची टाकी कुठे रिकामी करू असं विचारलं, तेव्हा पेंचच्या जंगलालगतच्या एका रिसॉर्टच्या मॅनेजरने ऐकवलं, तेही आपण केवढी मदत करतोय अशा थाटात. अरे, मागचा नाला म्हणजे कुठला नाला? तिकडचं पाणी शेवटी पेंच नदीलाच मिळतं ना? पेंच नवेगाव खैरीच्या धरणात अडते आणि तिथून आपल्या नागपूरच्या नळाला येते. शहराचं उरलेलं पाणी कन्हान नदीचं, आणि पेंच पुढे जाऊन मिळते तीही कन्हानलाच. म्हणजे आमच्या घरातल्या चार माणसांची घाण मी त्या नाल्यात ओतायची आणि नागपूरला परत येऊन तेच पाणी माठात भरायचं! कोण पाहतंय म्हणे. मी पाहतेय ना. मला दिसतंय ना ते.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही ट्रॅव्हलर गाडीची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, करून घेतली आहे. हौस होतीच, पण खरं कारण संडास. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत, त्यांना खाली बसता येत नाही. आणि हायवेवर बायकांसाठी जी शौचालयं आहेत त्यांबद्दल मी नव्याने काय सांगू? कुलूप लावलेलं, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला गेलेला. आत गेलं तर कडी नाही, नळाला पाणी नाही. तासन्‌तास पाणी न पिता प्रवास करायची सवय आपल्या सगळ्या बायकांना लागलेली आहे, ती मोडायची म्हणून गाडीत कॅसेट टॉयलेट बसवलं. वर कमोड, खाली टाकी. ती टाकी म्हणजे कॅसेट. गाडीच्या बाहेरच्या बाजूला छोटं दार असतं, तिथून ती ओढून काढायची, रिकामी करायची, धुवायची, थोडं पाणी आणि वास दाबायचं निळं औषध घालून परत सरकवायची. सतरा-अठरा लिटरची टाकी, भरली की वीस किलोच्या आसपास वजन.

वापरायला उत्तम आहे. वास येत नाही, सासूबाई खूश आहेत. बोंब आहे ती पुढची. ही कॅसेट रिकामी करायची कुठे?

युरोपात कॅम्पिंगच्या जागेवर यासाठी वेगळा हौद असतो. कमरेच्या खाली येणारा, उताराचा, थेट गटाराच्या लाइनला जोडलेला, शेजारी धुवायला नळ. माणूस येतो, ओततो, धुतो, जातो. इतकंच. याच्यात कसलं आलंय मोठं तंत्रज्ञान? कुठलाही गवंडी दोन-चार दिवसांत बांधून देईल. पण आपल्या राज्यात कॅराव्हॅन पर्यटनाचं, म्हणजे अशाच गाड्यांतून फिरण्याचं, धोरण 2021 साली आलं, कॅराव्हॅन पार्कच्या गोष्टी झाल्या, आणि आजही नागपूरहून पेंच, नागझिरा, ताडोबा, कुठेही निघा, कॅसेट ओतायला एक जागा मला मिळालेली नाही. गाडी लावायला जागा देतात. चार्जिंगला प्लग देतात. तंदूर देतात, शेकोटी देतात, गाणी लावून देतात. आणि ‘भाऊ, सेप्टिक टँकचं चेंबर कुठे आहे?’ असं विचारलं की असं बघतात जसं काही मी त्यांच्या देवघराची किल्ली मागितली.

मग उरतं काय? पेट्रोल पंपाचं संडास. तिथे काय करावं लागतं ते ऐका. अंधारी खोली, दार आत उघडणारं, म्हणजे टाकी घेऊन आत गेलं की दार लावताच येत नाही. भांडं देशी, जमिनीच्या पातळीवर. वीस किलोची टाकी तिरकी धरून त्याच्या तोंडाशी न्यायची. ओतायची नळी वळवून बाहेर काढायची, झाकण काढायचं, एका हाताने मागचं हँडल धरायचं आणि त्याच हाताच्या अंगठ्याने हवेचं बटण दाबून ठेवायचं. ते बटण नीट दाबलं नाही की आत हवा जात नाही, टाकी गचके देत ओकते आणि सलवारीवर शिंतोडे. घाईने ओतलं तर भांडं तुंबतं. म्हणून थोडं ओत, थांब, पाणी टाक, परत थोडं ओत. पाणी टाकायला मग्गा असतो तो फुटका. हे सगळं चाललं असताना दारात पोरगा उभा, ‘मॅडम, काय आहे ते? बाहेर काढा.’ अरे बाबा, संडासात जे जातं तेच आहे! वेगळं काही आणलेलं नाही मी!

आणि आपल्या उन्हाचं तर विचारूच नका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो, गाडी तापते, टाकीच्या आत वायू धरतो, ती फुगते. अशी टाकी ओतताना झाकण सैल करायचं तेही तोंड बाजूला करून. रबराचं सील उन्हाने कोरडं पडून चिरा पडतात, त्याला अधूनमधून सिलिकॉन मारत राहावं लागतं, नाहीतर स्पीडब्रेकरवर ठिबकायला लागतं. आणि स्पीडब्रेकर तर काय, आपल्याकडे पावलापावलावर. म्हणून मी ती पाऊण भरली की रिकामी करायला बघते. पण बघते म्हणजे काय, जागाच नसेल तर पाऊण काय नि पूर्ण काय! एकदा ठिकाण मिळालं नाही म्हणून भरलेली टाकी तशीच थेट नागपूरपर्यंत आणली आहे. सासूबाई वाटेत पाणी प्यायच्या बंद झाल्या. ज्यासाठी एवढा खर्च केला, तेच परत!

आता दुसरा प्रकार, ज्याने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. ‘तुम्ही कायले हात घालता ताई, आपला पोरगा आहे ना, शंभर रुपये द्या, तो करते.’ आणि खरंच एक पोरगा येऊन उभा राहतो. अनवाणी. हातमोजे नाहीत, काही नाही. कशात काय आहे हेही त्याला कुणी सांगितलेलं नाही, निळं औषध डोळ्यात गेलं तर काय होईल हेही नाही. हाताने मैला उचलायला माणूस लावणं हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा जाऊ द्या, तुम्हाला काही वाटत नाही? आमची घाण आहे, आम्ही उचलू. मी नाही म्हटलं तर मॅनेजर माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणतो, ‘साहेब, बाईमानसाले शोभते का हे?’ कोणाला शोभतं मग? त्या पोराला शोभतं? इथून वर्धा किती लांब आहे? तिथे पवनारजवळच्या सुरगावात विनोबा रोज चालत जाऊन गावाचा मैला स्वतः साफ करत. गाडगेबाबा आपल्या विदर्भाचे. खराटा घेतलेला त्यांचा फोटो त्या रिसॉर्टच्या ऑफिसात, मॅनेजरच्याच डोक्यावर टांगलेला होता! त्याच्याखाली बसून तो मला शंभर रुपयांचा भाव सांगत होता.

आणि बाहेरच्यांना बोलताना आपल्यातल्यांना कशाला सोडू? कॅम्पर घेऊन फिरणाऱ्यांनो, तुमच्यातलेही हे करतात. जंगलाच्या वाटेवर पळसाच्या बुंध्याशी निळा ओघळ वाळलेला आणि त्यात टिश्यूचे गोळे मी स्वतः बघितलेत. गाईगुरं त्याच वाटेने जातात. ते निळं औषध म्हणजे फिनेल नाही. त्यातल्या बऱ्याच ब्रँडमध्ये जंतू मारणारी जहाल रसायनं असतात, काहींत फॉर्माल्डिहाइड. वास दाबायचं कामच ती जंतू मारून करतात. सेप्टिक टँक चालतो तो जंतूंच्या जिवावर, म्हणून त्यातही हे भसाभस ओतायचं नसतं, मग उघड्या मातीत आणि ओढ्यात तर बातच नको. म्हणून जैविक, हिरवं औषध घ्या, मोजून घाला. महाग पडतं म्हणता? पंधरा-वीस लाखांची गाडी बांधताना महाग पडलं नाही का? रात्री हेडलाइट बंद करून ओढ्याशी टाकी उपडी करणारा माणूस सकाळी त्याच ओढ्याचा फोटो टाकतो, खाली लिहितो ‘निसर्गाच्या कुशीत’. लाज वाटली पाहिजे.

रेल्वे बघा. वर्षानुवर्षं रुळांवर सगळं पडत होतं. डीआरडीओच्या मदतीने डब्यांना बायो-टॉयलेट लागले आणि ते थांबलं. एवढी अवाढव्य रेल्वे हे करू शकते आणि रस्त्यावर एक हौद होत नाही? समृद्धी नागपूरपासूनच सुरू होतो, 701 किलोमीटरचा रस्ता बांधला, मग त्याच्या थांब्यांवर संडासाच्या शेजारी एक झाकणाचं चेंबर आणि एक नळ द्यायला काय अडलंय? भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध होतं, ते पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. म्हणजे घाणीचं काय करायचं ते या शहराला पक्कं ठाऊक आहे! शहराच्या वेशीवर त्या लाइनला जोडलेला एक पॉइंट द्या. फुकट नको, पन्नास रुपये घ्या, शंभर घ्या. मी रांगेत उभी राहीन, हसत देईन. रिसॉर्टवाल्यांनी तर जागेच्या भाड्यातच धरावं. कॅम्परची जागा म्हणून पैसे घेता ना? मग कॅम्परला लागतं ते द्या. नाहीतर पार्किंगचे पैसे म्हणा आणि तेवढेच घ्या.

हे सगळं झाल्यावर शेवटी टाकी येते घरी, आमच्या फ्लॅट स्कीममध्ये. खाली पार्किंगमध्ये ड्रेनेजचं चेंबर आहे, सरळ शहराच्या गटार लाइनला जोडलेलं. झाकण उचलून ओतलं, वर दोन बादल्या पाणी मारलं, संपलं. पण नाही! सेक्रेटरींनी मनाई केली, ‘सगळ्यांची पार्किंग आहे.’ बरं, मग तिसऱ्या मजल्यावर आमच्या स्वतःच्या संडासात ओतते म्हटलं, तर लिफ्टमध्ये चिठ्ठी चिकटवली, ‘घाण वस्तू लिफ्टने नेऊ नये.’ नाव न घेता, पण नेमकी आम्ही ताडोब्याहून आलो त्या संध्याकाळी. बंद टाकी, झाकण घट्ट, बाहेरून धुतलेली, वर पिशवी. याच लिफ्टमधून कचऱ्याच्या ठिबकणाऱ्या बादल्या रोज खाली जातात, त्या चालतात. आणि या इमारतीतल्या प्रत्येक घरातली घाण त्याच एका पाइपातून त्याच चेंबरला जाते, सेक्रेटरींच्या घरातलीसुद्धा.

वीस किलो घेऊन तीन जिने मी चढणार नाही. मेंटेनन्स आम्हीही भरतो. टाकी लिफ्टनेच जाईल, आणि ज्याला अडवायचंय त्याने समोर येऊन अडवावं, चिठ्ठ्या चिकटवू नयेत.