हात कामात, कान मोकळे

ऑक्टोबर उजाडला की शाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेली सूचना येते. १५ तारखेला वाचन प्रेरणा दिन, मुलांच्या हातात पुस्तकं देऊन फोटो काढा आणि दुपारपर्यंत पाठवा. डॉ. कलामांच्या जयंतीला हा दिवस २०१५ पासून राज्यभर होतोय आणि त्यामागच्या हेतूबद्दल माझी काही तक्रार नाही. पण फोटोत एखादं पोरगं पुस्तक उलटं धरून बसलेलं असतं, तेही चालून जातं. १६ तारखेला पुस्तकं परत कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं. किल्ली कुणाकडे असते हे विचारायला जाऊ नका, तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

मी प्राथमिकला शिकवते, सोलापूरच्या पूर्व भागात. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही दखनी उर्दू. जी मराठी बोलतात तीही ‘काय करलालास बे’वाली. पालकसभेला सगळ्यांचं एकच म्हणणं, “बाई, पोरगं वाचतच नाही बघा. मोबाईल सोडून कशाला हात लावत नाही.” आणि लगेच पुढचा प्रश्न, “क्लास लावू का?”

क्लास लावू नका. रोज दहा मिनिटं त्याला वाचून दाखवा. तेवढंच जरी केलं तरी बाकीचं बरंच आपोआप मार्गी लागतं, असं माझं ठाम मत आहे. आता हे मत आलं कुठून, ते सांगते.

वाचनात दोन कामं असतात. एक, अक्षर ओळखून त्याचा आवाज काढणं. दुसरं, त्या आवाजातून निघालेली भाषा समजणं. गॉफ आणि टन्मर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये हे गुणाकाराच्या रूपात मांडलं: दोन्हींचा गुणाकार म्हणजे वाचून समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार, हे त्यातलं महत्त्वाचं. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असून उत्तर शून्यच. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत जी धडा खणखणीत आवाजात वाचून दाखवतात आणि ‘कोण कुठे गेलं’ विचारलं की छताकडे बघतात.

आपली सगळी शक्ती पहिल्या कामावर खर्च होते, त्यालाही कारण आहे. देवनागरीत तीसपस्तीस व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या घरात आकार झाले. त्यावर जोडाक्षरं, रफार, अर्धा र. इंग्रजीची सव्वीस अक्षरं दोन महिन्यांत होतात म्हणून आपली बाराखडीही तशीच पटकन झाली पाहिजे, ही अपेक्षाच चूक आहे. कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की अक्षरं पक्की होण्याचं काम चौथीपर्यंत, त्याच्याही पुढे चालतं. कन्नड काय, तेलुगू काय, मराठी काय, लिपीची मांडणी एकाच जातीची. म्हणजे चौथीपर्यंत मूल अक्षरांशीच झटत असेल तर ते मंद नाही, वेळापत्रकाप्रमाणे चाललंय.

पण मग या तीनचार वर्षांत भाषेचं काय? मुलाला स्वतःला वाचता येतील अशी वाक्यं ‘कमल, घर बघ’ इतपतच असतात. आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यात रावण, डायनासोर, आयपीएलचं पॉइंट टेबल असं सगळं चाललेलं असतं आणि पुस्तक त्याला म्हणतं, कमल घर बघ. कोण वाचेल? त्या वयात डोळ्यांपेक्षा कान कितीतरी पुढे असतात. जे त्याला वाचता येत नाही ते ऐकून बरोबर समजतं. म्हणून वाचून दाखवायचं.

“पण आम्ही त्याच्याशी बोलतो की दिवसभर,” असं पालक म्हणतात. बोलता, पण काय बोलता? जेव, उठ, दप्तर भर, ट्यूशनला उशीर होतोय. घरातलं बोलणं पाचसहाशे शब्दांत भागतं, माझ्याही घरात भागतं. हेज आणि आरेन्स यांनी १९८८ मध्ये इंग्रजीसाठी ही मोजणी केली होती. लहान मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे एकतीसच्या आसपास कमी वापरातले शब्द निघाले आणि पदवीधर मोठ्या माणसांच्या आपसातल्या गप्पांत सतरा. मराठीत आकडे वेगळे येतील, पण कल वेगळा येईल असं मला वाटत नाही. ‘हळहळला’, ‘चाहूल’, ‘निमूटपणे’, ‘एकाएकी’ हे शब्द आपण शेवटचे कधी तोंडाने उच्चारले? पुस्तकात ते पानोपानी भेटतात.

आता खरी अडचण. माझ्या वर्गातल्या कितीतरी आया विड्या वळतात. सकाळी कारखान्यात माल जमा करायचा, पानं आणि तंबाखू घेऊन यायचं, मग संध्याकाळपर्यंत मांडीवर सूप. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. वडील यंत्रमागावर, बऱ्याचदा रात्रपाळीला. अशा घरात जाऊन ‘मुलाला रोज मांडीवर घेऊन पुस्तक वाचा’ असं सांगणाऱ्या तज्ज्ञांनी एकदा तरी ती मांडी बघून यावी. तिथे सूप आहे.

पण विडी वळणाऱ्या बाईचे हात गुंतलेले असतात, कान गुंतलेले नसतात. ही गोष्ट जगाला फार पूर्वी कळलेली आहे. क्युबामध्ये सिगार वळणाऱ्या कारखान्यांत १८६५ पासून एक माणूस उंच खुर्चीवर बसून कामगारांना मोठ्याने वाचून दाखवायचा. आधी वर्तमानपत्र, मग कादंबऱ्या. त्याचा पगार कामगार स्वतःच्या मजुरीतून द्यायचे आणि काय वाचायचं हेही तेच ठरवायचे. आपल्याकडे केरळात कन्नूरच्या विडी कामगारांनी हेच केलं. एकजण वाचणार, बाकीचे त्याच्या वाट्याच्या विड्या वळून देणार. स्वतःला अक्षर येत नसलेल्या माणसांनी तिथे अग्रलेखांवर वाद घातले आहेत.

सोलापुरात विडी घरोघरी वळली जाते, तेव्हा इथे तो वाचणारा पोरगा किंवा पोरगी व्हायला काय हरकत आहे? तिसरी-चौथीतल्या मुलांना मी आता गृहपाठ असा देते: आई विड्या वळत असताना तिला एक गोष्ट वाचून दाखवायची. धाकट्याला वाचता येत नसेल तर थोरल्या ताईने वाचायची, धाकट्याने ऐकायची. दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगायचं की आईला गोष्टीतलं काय पटलं नाही. ‘काय आवडलं’ असं मी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर सगळीकडून ‘सगळं आवडलं’ असंच येतं. काय पटलं नाही विचारलं की घरात भांडण होतं आणि भांडायला शब्द लागतात. एका आईचा निरोप आला होता, “बाईंना सांग, ती राजकन्या बिनकामाची आहे, सारखी रडते.” त्या दिवशी मराठीचा तास त्यावरच गेला.

यावर काही पालकांची वेगळीच शंका असते. आईला मराठी नीट येत नाही, मग पोराचं मराठी बिघडेल ना? कुणीतरी त्यांना सांगून ठेवलेलं असतं की घरात मराठीच बोला, नाहीतर इंग्रजीच बोला. हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. ज्या बाईकडे तेलुगूत म्हणी आहेत, रामायण आहे, सासूची नक्कल आहे, तिने तुटक्या मराठीत ‘ये, जा, खा’ बोलायचं, यात मुलाला मिळालं काय? गोष्ट तेलुगूत सांगा, भरपूर सांगा. ज्या मुलाला ‘मत्सर’ ही भानगड अम्मम्माच्या, म्हणजे आजीच्या, गोष्टीतून आधीच कळलेली असते, त्याला मराठीत फक्त नवं नाव शिकायचं असतं. ज्याला कल्पनाच माहीत नाही त्याला शब्द दोनशे वेळा लिहायला लावला तरी तो वहीतच राहतो.

वहीवरून आठवलं. शब्दार्थांची वही बंद करा. कठीण शब्द डाव्या बाजूला, अर्थ उजव्या बाजूला, मधे लाल रेघ. ‘विस्मय – आश्चर्य’. आता ‘आश्चर्य’ माहीत नसलेल्या पोराने काय करायचं? मी वाचून दाखवताना सगळे शब्द फोडत बसत नाही, त्याने गोष्ट मरते. एका गोष्टीत दोन, फार तर तीन शब्द निवडते, तेही असे जे पुढे दुसरीकडे भेटणार आहेत. ‘शिरस्त्राण’ सोडून देते, चित्रात दिसतंच. ‘निमूटपणे’ धरते. वाचताना एका वाक्यात सांगून टाकते आणि मग आठवडाभर तो शब्द वर्गात राबवते. आज डबा निमूटपणे कोणी खाल्ला? रांगेत निमूटपणे कोण उभं राहत नाही? तिसऱ्या दिवशी पोरंच एकमेकांना ‘ए, निमूटपणे बस की बे’ म्हणतात. हे ‘की बे’ मी सुधारत नाही. पाठ्यपुस्तकातली भाषा पुस्तकात राहू दे, सोलापूरची भाषा सोलापूरच्या पोराच्या तोंडात राहू दे. दोन्ही येणारं मूल कुणापेक्षा कमी ठरत नाही.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली की माझं काम सगळ्यात सोपं असतं. पोरं सांगत सुटतात: सात नंदीध्वज, अक्षता सोहळ्याची गर्दी, होमाचा दिवस, मग पाळणे, मौत का कुआं, हरवलेली चप्पल. ती बोलतात ते मी त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहिते आणि मग तेच त्यांना वाचायला लावते. स्वतःच्या तोंडचं वाक्य फळ्यावर बघून जे मूल एरवी अडखळतं तेही सरळ वाचतं, कारण पुढचा शब्द कोणता येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव झाला की पुन्हा तसंच.

पुस्तकं कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, वर्गणी अगदी माफक आहे आणि जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषांतल्या चित्रगोष्टी मोफत आहेत. तीच गोष्ट एका भाषेत आईने आणि दुसऱ्या भाषेत पोराने वाचावी, आमच्या भागाला याहून सोयीचं काय असणार? मोबाईल सुटत नाही म्हणता ना, मग त्याच मोबाईलवर हे उघडा. शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी वाचनालयं आहेत. पोराला एकदा तिथे घेऊन जा आणि पुस्तक त्याला निवडू द्या. त्याने भुताचं निवडलं तरी गप्प बसा. विशेषतः वडिलांना सांगते, ‘हे नको, थोर पुरुषांचं घे’ म्हणू नका.

आता थोडं सरकारी बोलते. २०२१ मध्ये केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे असं त्याचं उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट योग्य आणि निकडीचं आहे. मुलांना वाचता येतं का हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला नाही. पण शाळेपर्यंत येता येता ‘समजून’ हा शब्द गळतो आणि ‘मिनिटाला साठ शब्द’ एवढंच उरतं. मग स्टॉपवॉच निघतं. पोरं सुसाट वाचायला लागतात, पूर्णविराम तुडवत. मला विचाराल तर चाळीस शब्द वाचून मधेच थांबून ‘पण तो खोटं का बोलला?’ विचारणारी मुलगी मला साठवाल्यापेक्षा जास्त प्रिय आहे. तिच्यासाठी रकाना नाही, हा रकान्याचा प्रश्न.

सध्या वर्गात कोड्यांचं वेड चाललंय. तेलुगूत पोडुपु कथा, कन्नडमध्ये ओगटु, मराठीत कोडी, सगळ्या घरांतून येतात. अट एकच, ज्याने आणलं त्याने मराठीत समजावून सांगायचं. हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यांनी भरली, ही भेंडी सगळ्यांना आली. तेलुगूतलं एक आलं: अशी दारं की कितीही वेळा उघडा-मिटा, आवाज होत नाही. पापण्या. त्यावर मराठी पोरांचा अर्धा तास गेला. कन्नड कोडी मात्र कमी पडतायत. कुणाच्या घरी कन्नड बोलणारी आजी असेल तर तिला विचारून पाठवा, उत्तरासकट. मागे एका पोराने कोडं आणलं, उत्तर आजीकडेच राहिलं आणि आजी अक्कलकोटला गेली. चाळीस पोरं रोज मला एकच विचारत होती, आजी आली का.